अभ्यासाच्या वेळापत्रकात बसणारे काम शोधताना

विद्यापीठात शिकत असताना अर्धवेळ काम शोधणारे बहुतेक विद्यार्थी सर्वांत आधी पैशांचे विचारतात. ते रास्तच आहे. ज्याला घरभाडे, प्रवास आणि पुस्तके यांचा खर्च स्वतःच्या कमाईतून भागवायचा असतो, त्याला हातात किती येणार हे कळल्याशिवाय पुढचे काही ठरवता येत नाही. तरीही माझ्या मते त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे: या कामाचे तास कोण ठरवणार आणि ते मला किती दिवस आधी कळणार? पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम केले, त्याआधी काही काळ शिकवण्या घेतल्या, आणि आता एका विभागात विद्यार्थी-सहायकांची निवड करण्याचे काम माझ्याकडे असते. एवढ्या काळात अनेक विद्यार्थ्यांची कामे आणि त्यांचे निकाल जवळून पाहता आले. कमी मोबदल्याच्या पण ठरलेल्या वेळेच्या कामाने फारसे कोणाचे वर्ष वाया गेल्याचे मला दिसले नाही. आज बोलावले, उद्या रद्द केले, परवा रात्री उशिरापर्यंत थांबवून घेतले, अशा कामांनी मात्र चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांची घडी विस्कटलेली पाहिली.

काम शोधायला निघण्याआधी अभ्यासाला खरोखर किती वेळ लागतो याचा हिशेब मांडायला हवा. तो मनाने ठरवण्याची गरज नसते, कारण श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) पद्धतीतच तो दडलेला असतो. युरोपातील ईसीटीएस या सामाईक श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे असते आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० श्रेयांक आणि प्रत्येकी १० तास, म्हणजे १,२०० तास. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही वर्षाचे ४० श्रेयांक आणि १,२०० तासच धरले आहेत. अमेरिकेत एका श्रेयांकाला आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे निदान दोन तास मोजतात, त्यामुळे १५ श्रेयांकांचे सत्र घेणाऱ्याचा आठवडा ४५ तासांचा होतो. वर्ष साधारण ४० आठवड्यांचे धरले, तर कोणत्याही पद्धतीने अभ्यासाचा वाटा आठवड्याला ३० ते ४५ तासांच्या दरम्यान येतो. यातले वर्गातले तास तेवढे डोळ्यांना दिसतात आणि बाकीचे मोकळे वाटतात. काम शोधताना विद्यार्थी हेच 'मोकळे' तास देऊन बसतात आणि मग वाचन, टिपणे, प्रयोगवही, प्रकल्प हे सगळे झोपेच्या वेळेत सरकते.

नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निकालांवर जे संशोधन झाले आहे, त्यात आठवड्याला १५ ते २० तासांच्या पुढे काम गेले की अभ्यासाला झळ बसू लागते असे वारंवार आढळते; त्याहून कमी तासांचे काम करणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही, काहींची तर शिस्त सुधारते. हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ज्यांना जास्त तास काम करावे लागते, त्यांची परिस्थिती मुळातच ओढगस्तीची असते, त्यामुळे निकालातल्या घसरणीचा सगळा दोष कामावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण सुरुवात करताना १० ते १२ तासांचे काम घ्यावे, पहिले सत्र पार पडू द्यावे आणि मगच तास वाढवावेत, असे मी प्रत्येकाला सांगते. वाढवून मागितलेले तास बहुधा मिळतात. एकदा कबूल केलेले कमी करून मागणे अवघड जाते.

तासांच्या संख्येइतकाच त्यांचा आकार महत्त्वाचा असतो. दोन तासिकांच्या मधला पाऊण तास कोणत्याही कामाला फारसा उपयोगी पडत नाही, पण ग्रंथालयात बसून एक प्रकरण वाचायला तो पुरेसा असतो. म्हणून वेळापत्रक हाती आले की त्यातले सलग तीन-चार तासांचे तुकडे शोधावेत आणि तेवढेच कामासाठी बाजूला काढावेत. सुटे तास अभ्यासाला ठेवावेत. याच हिशेबात प्रवास धरला पाहिजे. समजा चार तासांची पाळी आहे, जाण्यायेण्यात दीड तास जातो आणि कपडे बदलणे, आधी पोचून थांबणे, पाळी संपल्यावर आवराआवर करणे यांत आणखी अर्धा तास. दिवसाचे सहा तास गेले आणि पैसे मिळाले चार तासांचे. जाहिरातीत जो ताशी दर दिसतो, त्याच्या दोन तृतीयांशच आपल्या पदरात पडला, आणि त्यातून प्रवासाचे भाडे वजा व्हायचे राहिलेच आहे. याउलट विद्यापीठाच्या आवारातच, तासिका संपल्यावर पाच मिनिटांत पोचता येईल अशा ठिकाणी थोड्या कमी दराने काम मिळाले, तर पुष्कळदा तेच जास्त किफायतीचे ठरते. दोन कामांची तुलना करताना कागदावर ही वजाबाकी एकदा जरूर करावी.

आवारातल्या कामांविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण ती शोधण्याकडे विद्यार्थ्यांचे सर्वांत कमी लक्ष असते. ग्रंथालयाची देवघेव खिडकी, वाचनकक्षाची देखरेख, संगणककक्षात मदतनीस, प्रयोगशाळेत साहित्य मांडून देणे, परिषदांच्या वेळी नोंदणीचे टेबल, प्रवेशाच्या दिवसांत चौकशी कक्ष, परीक्षेत लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लेखनिक, ऐकू न येणाऱ्या सहाध्यायांसाठी तासिकांच्या टिपा काढून देणे, खालच्या वर्गांतल्या मुलांना गणित किंवा लेखन यांत मार्गदर्शन करणे, प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पात माहिती भरणे: अशी कितीतरी कामे विद्यापीठात सतत निघत असतात. त्यांच्या मोठ्या जाहिराती होत नाहीत. सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत विभागाच्या फलकावर एक कागद लागतो, किंवा कार्यालयातून एक ईमेल येतो, आणि जो पहिल्या दोन-तीन दिवसांत चौकशीला येतो त्याला ते काम मिळते. या कामांचा मोठा गुण असा, की ती देणाऱ्यांना परीक्षा कधी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे स्वतःचे वर्षही त्याच वेळापत्रकावर चालते.

ग्रंथालयातले काम बाहेरून फार सोपे दिसते. परत आलेली पुस्तके ढकलगाडीवर विषयवार लावायची आणि प्रत्येक पुस्तक त्याच्या जागी ठेवायचे, एवढेच ते असते. पण नव्याने आलेला सहायक पहिल्याच दिवशी पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या क्रमांकापाशी अडतो. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात ००५.१३३ हा क्रमांक ००५.२ च्या आधी येतो, कारण बिंदूनंतरचे आकडे दशांशाप्रमाणे एकेक करून वाचायचे असतात. नवखा माणूस १३३ ही मोठी संख्या समजून ते पुस्तक पुढच्या फळीवर नेऊन ठेवतो. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यात जमा असते: नोंद सांगते की ते ग्रंथालयातच आहे, पण मागणाऱ्याला ते सापडत नाही. म्हणून आमच्या ग्रंथपाल नव्या सहायकाने लावलेली फळी सुरुवातीला स्वतः तपासत असत, आणि नजर बसली की मग त्या फळ्यांची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर सोपवीत. या कामात मला माझ्या विषयाची अशी पुस्तके हाती लागली, जी कोणत्याही वाचनयादीत नव्हती. पाळी संपली की तिथेच बसून वाचता येत होते, आणि प्रवासाचा एक मिनिटही खर्च होत नव्हता. संध्याकाळच्या पाळीला गर्दी कमी असली की खिडकीवर बसल्या बसल्या टिपणे चाळायलाही हरकत नसे. अर्थात हे ग्रंथपालांना विचारून, चोरून नव्हे.

लेखनिकाचे काम याहून वेगळे आणि जोखमीचे आहे. समोरचा परीक्षार्थी जे सांगेल तेच आणि तसेच लिहायचे असते. उत्तर चुकते आहे हे दिसत असले तरी चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नसते. आकृती काढायची असेल तर ती त्याच्या सूचनांनुसारच काढायची. लेखनिकाने कोणत्या विषयाचा असावे आणि किती शिकलेले असावे याचे नियम ठिकठिकाणी निरनिराळे आहेत, ते आधी समजून घ्यावे लागतात. हे काम वर्षातून मोजक्या दिवसांचे असते आणि नेमके परीक्षांच्या काळात येते, त्यामुळे आपल्या परीक्षेच्या तारखा सोडून इतर विभागांच्या परीक्षांना नाव द्यावे. पैसे थोडे मिळतात. पण हे काम करणारे माणूस विश्वासाचे असते, आणि पुढे कोणत्याही कामासाठी शिफारस मागताना त्या विश्वासाचे मोल कळते.

संशोधन प्रकल्पांतले मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्याचे काम घरबसल्या करता येते, म्हणून ते पुष्कळांना आवडते. इथे दर नीट समजून घ्यायला हवा. एका तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः लिहून काढायला नवख्या माणसाला चार ते सहा तास सहज लागतात. दोघे-तिघे एकदम बोलत असतील किंवा मागे गोंगाट असेल तर आणखी जास्त. मोबदला 'ध्वनिमुद्रणाच्या तासाला' ठरला असेल, तर तो आकडा चाराने किंवा पाचाने भागून आपल्या एका तासाला काय मिळते ते पाहावे आणि मगच होकार द्यावा. आधी दहा मिनिटांचा नमुना लिहून पाहणे हा सगळ्यांत चांगला मार्ग. ज्याने काम दिले त्यालाही त्यातून आपला दर्जा कळतो आणि मुदत वास्तवाला धरून ठरते. हाच भागाकार भाषांतर, मुद्रितशोधन आणि माहिती भरण्याच्या कामांनाही लावावा, कारण तिथेही दर शब्दांवर, पानांवर किंवा नोंदींवर असतो आणि खरा हिशेब शेवटी तासांचाच करावा लागतो.

शिकवण्यांचे काम विद्यार्थ्यांना फार जुन्या काळापासून परिचयाचे आहे, आणि ताशी मोबदल्यात ते बहुतेक कामांना मागे टाकते. त्यातला न दिसणारा खर्च तयारीचा असतो. आठवी-नववीचे बीजगणित शिकवायला तयारी लागत नाही असे वाटते. पण एकाच मुलाला एकच गोष्ट तीन पद्धतींनी समजावण्याची वेळ येते तेव्हा ती तयारी लागतेच. दोन-तीन मुलांना एकत्र शिकवले तर तयारी एकदाच करावी लागते, म्हणून सुट्या शिकवण्यांपेक्षा छोटा गट परवडतो. ऐनवेळी रद्द झालेल्या तासाचे काय करायचे हे पहिल्याच भेटीत पालकांशी बोलून घ्यावे; आदल्या दिवशी कळवले तर तास पुढे ढकलू, त्याच दिवशी कळवले तर तो झाला असे धरू, इतके साधे ठरले तरी पुढचे अवघडलेपण टळते. एक अडचण मात्र टळत नाही: शाळेच्या परीक्षा आणि विद्यापीठाच्या परीक्षा जवळजवळ येतात, आणि ज्या आठवड्यात आपल्याला सुट्टी हवी असते त्याच आठवड्यात मुलांना आपली सर्वाधिक गरज असते. सत्र सुरू होतानाच दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिली, तर निदान धडे आधी संपवता येतात.

दुकाने, उपाहारगृहे, गोदामे, कॉल सेंटर इथल्या पाळ्यांची कामे सर्वांत लवकर मिळतात. तिथे 'तुमच्या सोयीने काम करा' असे सांगितले जाते, पण ती सोय पुष्कळदा एकाच बाजूची असते: गिऱ्हाईक वाढले की बोलवायचे, नसले की घरी पाठवायचे. किमान तासांची कोणतीही हमी न देता माणसाला हाकेच्या अंतरावर ठेवणारे करार अनेक देशांत चालत आले आहेत, आणि त्यांतून विद्यार्थ्यांचे होणारे नुकसान खरे आहे. न्यूझीलंडने २०१६ मध्ये कायद्यात बदल करून असे एकतर्फी करार बंद केले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, ज्यांचे तास बदलते आहेत अशा कामगाराला कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळांत बोलावले जाऊ शकते हे आधी सांगणे आणि पाळीची पूर्वसूचना वाजवी मुदतीत देणे मालकाला बंधनकारक झाले. सदस्य देशांनी तो निर्देश ऑगस्ट २०२२ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा होता. कायदे करणाऱ्यांनाही ज्याची दखल घ्यावी लागली, ती अनिश्चितता विद्यार्थ्याने हलक्यात घेऊ नये. अशा ठिकाणी काम घेताना पाळ्यांचा तक्ता किती दिवस आधी लागतो, तो लागल्यावर बदलतो का, आणि सहकाऱ्यांशी आपसात पाळी बदलता येते का, हे तिन्ही प्रश्न मुलाखतीतच विचारावेत. शक्य झाल्यास तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला वेगळे गाठून हेच विचारावे. त्याचे उत्तर अधिक उपयोगी पडते. रात्रीच्या पाळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, आणि दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणाऱ्या शरीराला सकाळच्या तासिकेत हजर असूनही काही हाती लागत नाही. दुसरा मार्ग असेल तर सत्र चालू असताना ती घेऊ नये. सुट्टीच्या काळात घ्यायला हरकत नाही.

ॲपवरून वस्तू पोचवण्याचे काम या बाबतीत वरकरणी आदर्श वाटते, कारण केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे हे आपल्या हातात असते. पण मोबदला फेरीचा असतो, वाट पाहण्याचा नसतो. वाहन, इंधन, दुरुस्ती आणि अपघाताची जोखीम आपली असते. आणि जास्त मागणीचे तास संध्याकाळचे व सुट्टीच्या दिवसांचे, म्हणजे नेमके अभ्यासाचे असतात. घरून करण्याच्या स्वतंत्र कामांत, म्हणजे संकेतस्थळे बांधणे, चित्रे काढणे, लेखन, ध्वनिचित्रफितींचे संपादन यांत, तासांवर ताबा राहतो, पण मुदतींवर राहत नाही. अशा कामात काय द्यायचे, कधी द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, हे लिहून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. दुरुस्त्यांची संख्या ठरवली नाही, तर एकच काम महिनाभर पुरते.

फसवणुकीबद्दल थोडेच पण ठामपणे लिहिते. काम देण्याआधी नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश किंवा अनामत यांच्या नावाखाली पैसे मागणाऱ्याला नकार द्यावा. सुरुवातीला छोट्या कामांचे पैसे चटकन देऊन विश्वास मिळवायचा आणि मग पुढच्या कामासाठी आपल्याकडूनच रक्कम भरून घ्यायची, हा ऑनलाइन फसवणुकीचा सर्रास चालणारा प्रकार आहे. आपल्या बँक खात्यात पैसे घेऊन ते दुसऱ्या खात्यात पाठवण्यासाठी कमिशन देऊ करणारा तर आपल्याला गुन्ह्यात ओढत असतो. पैसे चोरीचे असतात आणि तपासात पहिले नाव खातेदाराचे निघते. दुसऱ्यांचे निबंध आणि प्रबंध लिहून देण्याच्या कामालाही याच रांगेत बसवावे. आयर्लंडने २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये कायदा करून अशा सेवा पुरवणे गुन्हा ठरवले आहे, आणि कायदा नसला तरी विद्यापीठाच्या शिस्तीचा बडगा लिहून घेणाऱ्याबरोबर लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यावरही पडू शकतो.

परदेशात शिकणाऱ्यांना कामाच्या तासांची मर्यादा व्हिसाच्या अटींतून येते. ब्रिटनमध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना साधारणतः आठवड्याला २० तास काम करता येते आणि स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. म्हणजे घरबसल्या घेतलेले स्वतंत्र कामही तिथे अडचणीत आणू शकते. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर आठवड्याला २४ तास, जपानमध्ये वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास अशी मर्यादा आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरच्या कामाला स्वतंत्र मंजुरी लागते. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस मिळतात, आणि विद्यापीठातील विद्यार्थी-सहायकाचे काम त्या मोजणीत धरत नाहीत, जे आवारातले काम आधी शोधण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. हे नियम अलीकडच्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, तेव्हा प्रवेश घेताना ऐकलेल्या आकड्यावर विसंबू नये. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात लेखी विचारून घ्यावे. दोन ठिकाणी काम करत असल्यास तास एकत्र मोजले जातात आणि मर्यादा ओलांडली तर व्हिसावर गदा येते, याची जबाबदारी मालकाइतकीच विद्यार्थ्याचीही असते. शिष्यवृत्ती किंवा अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) घेणाऱ्यांनी, मग ते देशात असोत वा परदेशात, तिच्या अटी काढून वाचाव्यात. काही वृत्तींमध्ये सशुल्क कामाला मनाई असते, काहींत मार्गदर्शकाची परवानगी लागते.

आता अर्जाविषयी. निवडीच्या टेबलाच्या पलीकडे बसल्यापासून मला कळलेली गोष्ट अशी, की विद्यार्थी-सहायक निवडताना अनुभवापेक्षा उपलब्धता आधी पाहिली जाते. पंचवीस अर्जांत 'मी मेहनती असून कोणतेही काम करण्यास तयार आहे' असे लिहिलेले असते आणि एखाद्याच अर्जाला आठवड्याचा तक्ता जोडलेला असतो. तो अर्ज वर येतो. सोमवार आणि बुधवार दुपारी २ ते ६, शनिवारी सकाळी ९ ते १; अमुक आठवड्यात अंतर्गत चाचण्या, तमुक तारखेपासून सत्र परीक्षा; परीक्षेच्या दोन आठवड्यांत निम्म्या पाळ्या करू शकेन आणि त्या बदल्यात सुट्टीत जादा देईन: इतके लिहिलेले असले की काम देणाऱ्याचा अर्धा हिशेब तिथेच संपतो. यात एक पथ्य पाळावे. तक्त्यात आपले सगळे मोकळे तुकडे दाखवू नयेत. निदान एक दुपार राखून ठेवावी, कारण प्रकल्प किंवा आजारपण यांना आधी कळवून येण्याची सवय नसते. परीक्षांच्या तारखा नेमणुकीआधी सांगितल्या तर काम निसटेल अशी भीती पुष्कळांना वाटते. माझ्या पाहण्यात त्या आधी सांगणाऱ्याला पसंती मिळते, आणि ऐनवेळी सांगणाऱ्याला पुढच्या सत्रात पुन्हा बोलावले जात नाही. आधी कळल्यावर जो मालक नकार देतो, त्याच्याकडचे काम परीक्षेच्या आठवड्यात सोडावेच लागले असते.

काम ठरल्यावर दर, तास, पगाराचा दिवस, रजेचे नियम आणि काम सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे लेखी असावे. औपचारिक नियुक्तिपत्र मिळत नसेल तर बोलणे झाल्यावर 'आपल्यात असे ठरले' म्हणून एक छोटा ईमेल पाठवून ठेवावा. त्याला आलेला होकार पुढे पुराव्यासारखा उपयोगी पडतो. केलेल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत रोज करावी आणि महिन्याच्या शेवटी पगाराच्या पावतीशी ताडून पाहावी. पाळी आपसात बदलली असेल तर दोघांनी मिळून पर्यवेक्षकाला लिहून कळवावे, नाहीतर न आल्याचा शेरा एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. उत्पन्नातून कर कापला जात असल्यास, आणि वर्षाची एकूण कमाई करपात्र मर्यादेच्या खाली असल्यास, विवरणपत्र भरून ती रक्कम बहुतेक ठिकाणी परत मिळवता येते. विद्यार्थी हा परतावा फार सहज सोडून देतात.

शेवटच्या सत्रात, प्रबंध किंवा मोठा प्रकल्प सुरू होण्याआधी, तास कमी करायचे की काम सोडायचे हे महिनाभर आधी ठरवावे आणि त्याच वेळी कळवावे, म्हणजे नव्या माणसाला काम शिकवायला आपल्याला आणि त्यांनाही वेळ मिळतो. निघताना अनुभवाचे प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये, आणि 'काम समाधानकारक होते' एवढ्या एका ओळीवर ते थांबू देऊ नये. कोणती जबाबदारी सांभाळली, किती काळ, आठवड्याला किती तास, कोणती उपकरणे किंवा संगणक प्रणाली वापरल्या, नव्या सहायकांना शिकवले का, हे मुद्दे स्वतः लिहून पर्यवेक्षकांकडे न्यावेत. त्यांचेही श्रम वाचतात आणि पत्रात नेमकेपणा येतो. ज्यांच्या हाताखाली काम केले ती व्यक्ती पुढे बदलून जाते, कार्यालयातल्या नोंदी सापडत नाहीत, म्हणून हे पत्र शेवटच्या आठवड्यातच सहीशिक्क्यानिशी हाती घ्यावे.